चंचीतला सेल

हरणाबाई कोळेकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डाव्या हातात कोकरू होतं आणि उजव्या हातात बोटाएवढा निळा सेल.

"लय हलकं लागतंय, डाक्टर," त्या म्हणाल्या.

कोकरू तर चांगलं गुटगुटीत दिसत होतं. तरी बाईंचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी जंताचं औषध काढायला पिशवीत हात घातला.

"कोकराचं न्हाई वो. ह्याचं म्हनते मी." आणि त्यांनी तो सेल माझ्या चष्म्यासमोर धरला.

मी डॉक्टर नाही. पशुधन पर्यवेक्षक आहे, मूळचा औंधचा. पण जत तालुक्याच्या पूर्वेला ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, एवढंच धरलं जातं. त्या दिवशी मी कोळेकर वस्तीवर आंत्रविषाराची लस टोचायला गेलो होतो. पावसाळ्याआधी ती टोचावी लागते, नाहीतर कोवळं गवत खाऊन मेंढरं पटापट पडतात. दोनशे दहा मेंढरं होती. ती टोचून होईपर्यंत हरणाबाई एकेक मेंढरू माझ्यापुढं धरत होत्या आणि मधूनमधून मला सेलाविषयी प्रश्न विचारत होत्या. मला त्यातल्या एकाचंही उत्तर आलं नाही.

हे सगळं सुरू झालं होतं एका बॅटरीपासून. आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात, बॅटरीच्या आतल्या बॅटरीला सेल म्हणतात, आणि चष्मेवाल्या माणसालाही बॅटरीच म्हणतात, हे मी स्वानुभवानं सांगतो. तर हरणाबाईंचे मालक भाऊसो यांनी जतच्या बाजारातून डोक्याला बांधायची एक चार्जिंगची बॅटरी आणली. लांडग्याची भीती असते, मेंढरांच्या वाड्याभोवती चक्कर मारायला दोन्ही हात मोकळे लागतात. बॅटरी चार दिवस सूर्यासारखी जळली. पाचव्या दिवशी चंद्रासारखी. पंधराव्या दिवशी भाऊसोंनी ती डोक्याला बांधली आणि काडी ओढून ती लागली आहे का ते बघितलं.

भाऊसो हा दिवसाला चार-पाच शब्दांत भागवणारा माणूस. "गेली," एवढं म्हणून त्यांनी ती उकिरड्याकडं भिरकावली.

हरणाबाईंनी ती उचलून आणली. सुईनं खाच मोकळी केली, झाकण उघडलं. आत वायरींचं जंजाळ असेल असं त्यांना वाटलं होतं. निघाला एकच निळा सेल, त्यावर आकडा छापलेला: ९९००. बाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी आकडे ओळखतात. मोबाईलच्या डबड्यावर त्यांनी पाच हजार वाचलं होतं. मोबाईल दिवसभर चालतो पाच हजारावर, आणि हा नऊ हजार नऊशेवाला तासाभरात मान टाकतो?

"ह्यात कायतरी लबाडी हाय," त्या म्हणाल्या.

"आसंल," भाऊसो म्हणाले. त्यांचा त्या दिवसाचा कोटा बहुतेक तिथंच संपला.

पुढच्या बाजाराला हरणाबाई तो सेल घेऊन अमृत माळ्याकडं गेल्या. अमृतचं मोटार भरायचं दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारी आणून टाकायच्या, तो नवी तार भरून देतो. दुकानात कोपऱ्यात भंगार पडलेलं, त्यात कुणीतरी टाकून गेलेली लॅपटॉपची बॅटरी होती. अमृतनं ती फोडून दाखवली. आत सहा सेल, अगदी तसेच, ओळीनं बसलेले. मीटर लावून एकेकाची तपासणी केली. दोन मेलेले निघाले, चार ठणठणीत.

"दोन मेले म्हनून सगळी बॅटरी टाकली व्हय?" हरणाबाईंना ते पटेना. "कळपातली दोन मेली म्हनून कुनी सगळा कळप पुरतं का?"

अमृत हसला. त्याला मोटारींच्या वासात दिवसभर बसून असं काही ऐकायला मिळत नाही. त्यानं ते चार सेल बाईंना दिले, एक जुना मीटर दिला, आणि चार्जिंगची एक छोटी पट्टी दिली. सांगितलं, "मावशी, भरलेला सेल चार पूर्णांक दोन व्होल्ट दाखवतो. तीनाच्या खाली जाऊ द्यायचा नाही. अडीचाच्या खाली गेलेला परत भरायच्या भानगडीत पडायचं नाही. आणि चार्जिंगला लावून रानात निघून जायचं नाही, समोर बसायचं."

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती बाई विसरल्या. त्याचं पुढं येईल.

घरी आल्यावर हरणाबाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाजारातला निळा सेल एका तळहातावर आणि लॅपटॉपचा दुसऱ्या तळहातावर घेतला. आयुष्यभर कोकरं उचलून वजन सांगणारी बाई. व्यापारी काट्यावर घालायच्या आधी त्या किलो सांगतात आणि अर्ध्या पावाच्या वर फरक पडत नाही. दोन्ही सेल दिसायला जुळे भाऊ, पण निळा निम्म्याच वजनाचा. मी लस घेऊन पोचलो तो नेमका ह्याच दिवशी.

मी म्हणालो, "बाजारात काट्यावर घालून बघा की."

मी हे सहज म्हणालो होतो. पण पुढच्या आठवड्यात मी जतच्या बाजारात मिरची घ्यायला गेलो, तर मसाल्याच्या दुकानापुढं गर्दी. मध्ये हरणाबाई. समोर बॅटऱ्या विकणारा अर्जुना, ज्याच्या गाडीवर "फुल गॅरंटी" असं लिहिलेलं असतं. आणि मसालेवाल्याच्या काट्यावर, धण्याच्या पिशवीशेजारी, सेल.

"ह्यो लॅपटापचा. बघा, पंचेचाळीस ग्राम. ह्यो ह्याच्या बॅटरीतला. चोवीस." हरणाबाईंनी गर्दीला दाखवलं. "आन् ह्याच्यावर लिवलंय नऊ हजार नऊशे!"

अर्जुना घाम पुसत म्हणाला, "आवं मावशे, आता नवीन जमाना हाय. सगळं हलकंच यायला लागलंय. मोबाईल बघा कसा हलका झालाय."

"मोबाईल हलका झाला म्हनून आत पीठ भरलंय का त्यात?"

"ह्यात कुठं पीठ हाय?"

"मग फोडून दाखव."

अर्जुनानं फोडला नाही, आणि बरंच झालं. असले सेल फोडायचे नसतात, हे आता मलाही माहीत आहे. पण मसालेवाल्यानं एक नवाच मुद्दा काढला. तो म्हणाला, "माझ्या काट्यावर आजपर्यंत मिरचीत खडा सापडला की लोक मला शिव्या देतात. ह्याच्या सेलात काय सापडतं ते कुणी विचारत नाही." गर्दीला ते पटलं. तिघांनी आपापल्या बॅटऱ्या उघडून तिथंच सेल काट्यावर घातले. एकाचा एकोणीस ग्रॅम भरला. तो माणूस रडवेला झाला. त्यानं ती बॅटरी मेव्हण्याला लग्नात भेट म्हणून दिली होती आणि बिघडली म्हणून आता दुरुस्तीला घेऊन आला होता.

अर्जुनानं सगळ्यांना बॅटऱ्या बदलून दिल्या. माणूस वाईट नव्हता. त्यालाही कुणीतरी तसाच माल गळ्यात मारला होता. नंतर तो माल घ्यायला जाताना खिशात छोटा काटा घेऊन जायला लागला, असं मी ऐकलं.

बाजारानंतर हरणाबाईंना नादच लागला. अमृतकडं भंगार आलं की तो निरोप धाडायचा. मुलगा रविराज शिरवळला कारखान्यात कामाला. तो सुट्टीला येताना आईला साडी आणायचा, तर आई म्हणाली, "साडी ऱ्हाऊ दे, तुमच्याकडं लॅपटाप बिघडतात का बघ." रविराजनं तिथल्या दुरुस्तीवाल्याकडून पिशवीभर बॅटऱ्या आणल्या. एसटीत शेजारच्या माणसानं पिशवीत काय आहे विचारलं, तर हा म्हणाला, "आईला खाऊ."

मेंढरांवर खुणेसाठी जे रंग लावतात, तेच हरणाबाई सेलांना लावत. तांबडा म्हणजे तगडा. हिरवा म्हणजे मध्यम. पिवळा म्हणजे म्हातारा, त्याच्याकडून फक्त चुलीजवळच्या दिव्याचं काम घ्यायचं. नवीन आलेला सेल भरून आठ दिवस नुसता ठेवायचा, उपाशी. आठ दिवसांनी मीटर लावायचा. स्वतःहून उतरला असला तर त्याला कळपात घ्यायचं नाही. आणि एका पट्टीत जोडायचे ते सगळे एका रंगाचे, कारण तांबड्यात एक पिवळा घातला की सगळी पट्टी पिवळ्याच्या चालीनं चालते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "लंगडं मेंढरू मदी आसलं की आख्खा कळप लंगडतो," त्या म्हणाल्या. अमृतनं हे ऐकलं आणि दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं.

सून राणी मात्र वैतागली होती. डाळीच्या डब्यात सेल, मिठाच्या बरणीशेजारी सेल. तिनं मोबाईलवर बॅटरी फुटल्याचा कुठला तरी व्हिडिओ बघितला होता. ती मला म्हणाली, "सर, तुमी तरी सांगा आत्यांना. मी भाकरी थापताना माझं ध्यान चुलीकडं कमी आन् त्या डब्याकडं जास्त आसतं."

मी सांगितलं. हरणाबाईंनी ऐकलं, सेल डाळीच्या डब्यातून काढून एका पत्र्याच्या पेटीत ठेवले, आणि राणीनं तेवढ्यावर समाधान मानलं. पत्र्याची पेटी ही सगळ्यांत वाईट जागा होती, पण ते तेव्हा आम्हा तिघांनाही कळत नव्हतं.

आता अमृतनं सांगितलेली आणि बाई विसरलेली गोष्ट. तो म्हणाला होता, "सेल मोकळा कुठं टाकायचा नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावायची. लोखंडाला लागला तर तापतो."

वस्तीजवळ बिरोबाचं देऊळ आहे. वर्षातून एकदा जत्रा भरते. सकाळपासून ढोल, दुपारी गजी. गजी म्हणजे ढोलाच्या तालावर धनगरांचा गोल धरून नाच, हातात रुमाल, अंगात सफेद कपडे. मलाही बोलावणं होतं. ऊन मी म्हणत होतं. देवळापुढं पन्नासभर माणसं गोल धरून नाचत होती आणि त्यात भाऊसोही होते.

सकाळी घरातून निघताना भाऊसोंनी पेटीजवळ पडलेला एक सेल उचलला होता. का उचलला, तर त्याच्यावरचा तांबडा रंग त्यांना आवडला. शिवाय बाजारात अर्जुनाला दाखवायचा होता, असं ते नंतर म्हणाले. तो त्यांनी चंचीत टाकला. चंची म्हणजे पानसुपारीची कापडी पिशवी, कंबरेला खोचलेली. तिच्यात पान, चुना, तंबाखू आणि सुपारी फोडायचा लोखंडी अडकित्ता. सेलाच्या वरच्या टोकाचं प्लास्टिक जरा फाटलेलं होतं. नाचताना उड्या मारल्या, अडकित्ता सरकला आणि नेमका त्या टोकावर आडवा बसला.

पहिल्यांदा भाऊसो थबकले. मग त्यांनी एक उडी मारली. गजीत उडी असते, पण ती ढोलाच्या ठोक्यावर असते. ही ठोक्याच्या आधीच होती. दुसरी उडी तर ढोलकऱ्याच्या डोक्याएवढी उंच. मग कंबर धरून ते गोलाच्या मधोमध गिरक्या घेऊ लागले.

"आलं! आलं! बिरोबा आलं!" कुणीतरी ओरडलं.

ढोलकऱ्यांनी ठोका दुप्पट केला. भंडारा उधळला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" भाऊसो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, पण चार-पाच शब्दांचा माणूस, त्यात ढोल. त्यांच्या कंबरेतून धूर यायला लागला तेव्हा तर बायांनी पदर पसरून नमस्कार घातले.

वस्तीतल्या सगळ्यांत वयस्कर बयाबाई पुढं झाल्या. ढोल थांबवायला हात वर केला. भाऊसोंच्या कपाळाला भंडारा फासला आणि विचारलं, "देवा, काय मागनं हाय तुझं?"

"काढा!" भाऊसो किंचाळले. "काढा! आतलं काढा! बिगीबिगी काढा!"

बयाबाईंनी गर्दीकडं वळून बघितलं. "ऐकलं का? काढा म्हनतोय देव. काय काढायचं ऱ्हायलंय आपलं?"

मग पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणालं, "तळ्याचा गाळ."

खरंच राहिला होता. वस्तीच्या खालच्या अंगाला पाझर तलाव आहे, तो गाळानं निम्मा भरलेला. गाळ रानात टाकला की पीक चांगलं येतं, त्यामुळं कुणाच्या रानात किती ट्रॉल्या जाणार यावरून नऊ वर्षं भांडण. दर उन्हाळ्यात बैठक व्हायची, दर उन्हाळ्यात मोडायची, आणि मग पाण्याचा टँकर यायचा.

"आतलं काढा," बयाबाई म्हणाल्या. "ह्याच्याहून सोप्पं करून देव तरी कसं सांगनार?"

तेवढ्यात हरणाबाई गर्दी फोडून आत घुसल्या. त्यांना धुराचा वास ओळखीचा वाटला होता. त्यांनी भाऊसोंच्या कंबरेची चंची पदराच्या टोकानं धरून ओढली आणि लांब वाळूत भिरकावली. भाऊसो मट्कन खाली बसले. चंचीतून भाजलेल्या तंबाखूचा वास सगळ्या देवळापुढं पसरला. लोकांना तो धुपाचा वाटला.

मी भाऊसोंना बाजूला नेऊन बघितलं. कंबरेवर रुपयाएवढा डाग उठला होता. माझ्याकडं मेंढरांना लावायचं मलम होतं, तेच लावलं. भाऊसोंनी चालवून घेतलं.

जत्रेनंतरच्या सोमवारी दोन जेसीबी आणि अकरा ट्रॅक्टर तळ्यात उतरले. नऊ वर्षं ज्यांनी एकमेकांच्या घरी चहा घेतला नव्हता ती माणसं एका ट्रॉलीवर उभी राहून गाळ भरत होती. देवाचं काम म्हटल्यावर मोजणार कोण?

इकडं भाऊसोंची मात्र पंचाईत झाली. रोज सकाळी कोणीतरी नारळ घेऊन दारात. "पोरीचं कवा जमंल?" "म्हैस का आटली?" "पोराला मिलिटरीत घेतील का?" भाऊसो मेंढरं घेऊन पहाटेच माळावर पळायचे, तर लोक माळावर यायचे. एकदा मी त्यांना भर उन्हात बाभळीच्या मागं लपलेलं बघितलं. मला वाटलं लांडगा आला.

"मानसं," ते म्हणाले.

हरणाबाईंनी सेलांना हात लावायचं सोडलं होतं. मी गेलो तेव्हा त्यांनी पेटी माझ्यापुढं ठेवली. आत सत्तर-ऐंशी सेल, रंग लावलेले, नीट ओळीत. "घिऊन जावा, डाक्टर. मला नगं आता."

"अहो, एवढ्यानं काय झालं..."

"अमृतनं सांगितलं हुतं. टोकाला पट्टी लाव म्हनला हुता. मी इसरले. त्यांची कंबर भाजली माझ्यापायी. वर गावाला वाटतंय देव आला, आन् मी तोंड शिवून बसलीया. आठ दिस झाले, मला जेवान जात न्हाई." एवढी खमकी बाई, बाजारात अर्जुनाला पाणी पाजणारी, पण त्या दिवशी चुलीच्या कडेला बसून राखेत रेघोट्या ओढत होती.

मी पेटी जतला खोलीवर आणली. पेटीला आतून पुठ्ठा लावला, चिकटपट्टी आणली आणि दोन संध्याकाळी बसून सगळ्या सेलांची टोकं झाकली. हे काम करताना माझ्या लक्षात आलं की मी स्वतःही त्यांचे रंग बघून खूष होतोय.

चार दिवसांनी दारात भाऊसो. वस्तीवरून जत, पंधरा किलोमीटर. माणूस कधी कुणाकडं जात नाही, तो माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला. पाणी प्याले आणि बोलायला लागले. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"पेटी द्या. घरात करमंना झालंय. ती दिवसभर माझ्याकडं बघत बसती, डाग बरा झाला का म्हनून. आदी सेलाकडं बघायची त्येच बरं हुतं."

"आणि लोकांचं काय करायचं? नारळ?"

भाऊसोंनी जरा विचार केला. "सांगून टाकायचं. माझ्या अंगात मीच हाय. दुसरं कोन न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं तळ्याच्या बांधावर गेलो. काम चालू होतं. हरणाबाईंनी हात वर करून जेसीबी थांबवायला लावला. माणसं जमली. बाईंनी वाळूवर एक विटेचा तुकडा ठेवला, त्यावर एक तांबडा सेल, आणि जुन्या वायरीतली केसासारखी एक बारीक तार लाकडी चिमट्यात धरली.

"बिरोबाच्या दारात ह्यांच्या अंगात देव आला न्हवता," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या चंचीत माझा सेल हुता. त्यो अडकित्त्याला लागला आन् तापला. कसा तापतो ते बघा." तार दोन्ही टोकांना टेकवली. तार क्षणात लाल झाली आणि तुटून पडली. पुढं उभी असलेली माणसं एक पाऊल मागं सरकली. "चूक माझी. टोकाला पट्टी लावायची ऱ्हायली. ह्ये 'काढा काढा' म्हनत हुते ते चंची काढा म्हनत हुते."

जेसीबीचं इंजिन नुसतं घुरघुरत होतं.

मग एकजण म्हणाला, "म्हंजे गाळ काढा आसं देव म्हनलाच न्हाई?"

"न्हाई."

"मग काम थांबवायचं?"

"थांबवायचं कसं?" गर्दीतून एक आवाज चढला. "माझ्या रानात आजून एक बी ट्रॉली आली न्हाई! देव म्हनू दे न्हाईतर बॅटरी म्हनू दे, माझ्या वाटनीचा गाळ पडल्याशिवाय कुनी जेसीबी हलवायचा न्हाई!"

त्याच्यावर हशा पिकला. हसणं थांबल्यावर सगळ्यांनी बयाबाईंकडं बघितलं. त्या बांधावर बसकण मारून तोंडातलं पान चावत होत्या. त्यांनी सावकाश पिंक टाकली.

"हरने, समदं कळलं मला. पर ह्यो भाऊसो त्यो सेल घिऊन सकाळपास्नं हिंडत हुता न्हवं? घरी तापला न्हाई, वाटंत तापला न्हाई. बिरोबाच्या दारातच कसा तापला?"

हरणाबाईंनी तोंड उघडलं. उड्यांचं, अडकित्त्याच्या सरकण्याचं सांगणार होत्या. पण बयाबाईंनी हात केला.

"तू बॅटरीचं बघ. देवाचं मी बघते. आन् तू रं," त्या जेसीबीवाल्याला म्हणाल्या, "डिझेल काय फुकाट जाळतोस? चालू कर काम."

काम चालू झालं. भाऊसोंच्या दारात नारळ यायचे थांबले; हरणाबाईंच्या दारात बॅटऱ्या यायला लागल्या. कुणाची डोक्याची, कुणाची हातातली, कुणाच्या पोराची खेळण्यातली मोटार. बाईंनी नियम केला: बॅटरी ठेवून जायची, आठ दिवसांनी यायचं, आणि मध्ये "झाली का" म्हणून विचारायचं नाही. पेटीच्या जागी राणीनं झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा दिला आणि त्यावर आपल्या हातानं लिहिलं, "हात लावू नये." भाऊसोंनी अडकित्ता बदलला नाही. चंची मात्र नवी शिवून घेतली, आणि सेल आणि सुपारी एका ठिकाणी ठेवायची नाही हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आपणहून सांगायला लागले. कुणी न विचारता. वस्तीवर सगळ्यांना त्याचंच जास्त नवल वाटलं.

पाऊस त्या वर्षी बेताचाच झाला. तळं निम्म्याच्या वर भरलं. बयाबाई म्हणाल्या, देवाची कृपा. हरणाबाई म्हणाल्या, गाळ निघाला म्हणून. दोघी एकाच हौदावर धुणं धूत होत्या, भांडल्या नाहीत.

दिवाळीनंतर कोळेकरांचा कळप नेहमीप्रमाणं, घोड्यावर संसार लादून, खतासाठी शेतात मेंढरं बसवायला वाळव्याकडं, उसाच्या पट्ट्यात उतरला. सहा माणसांच्या डोक्याला सहा बॅटऱ्या, सगळ्या हरणाबाईंनी जुळवलेल्या, आणि महिनाभर एकही मंद झाली नाही. माझी तोपर्यंत खटाव तालुक्यात बदली झाली होती. एके दिवशी दुपारी फोन आला.

"डाक्टर, हितं एका बागायतदाराचा फवारनीचा पंप बंद पडलाय. मी खोलला. आत सेल न्हाईच. काळा डबा हाय, इटंएवढा, आन् जड तर लय. मीटर लावला तर बारा दाखवायच्या ऐवजी नऊ दाखवतोय. ह्याची जात कुठली म्हनायची?"

मी म्हणालो, त्यात शिसं असतं, आम्ल असतं, तो फोडू नका, अमृतला विचारा.

"फोडत न्हाई. पर त्यो मालक म्हनतोय, असली आनखी चार पडल्याती गोठ्यात, न्हेनार आसशील तर न्हे."

पाठीमागून भाऊसोंचा आवाज आला, आणि तो फोनमध्ये शिरण्याइतका मोठा होता: "डाक्टरला सांग, घोडं नको म्हनतंय!"

"घोडं काय न्हाई म्हनत, ह्येच म्हनत्यात," हरणाबाई म्हणाल्या. "बरं डाक्टर, आम्ल कापडाला लागलं तर काय हुतं? लुगडं नवं हाय माझं."